रात्रभर पोटात काही नाही, तरी सकाळी साखर वाढलेली

उपाशीपोटी १४८, ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी २३६ आणि एचबीएवनसी ७.८ टक्के. माझ्या रिपोर्टवर हे तीन आकडे ठळक छापून आले होते. खाल्ल्यावर साखर वाढते, हे समजण्यासारखं होतं. पण आदल्या रात्री जेवून झोपले, मधल्या दहा-अकरा तासांत पाण्याखेरीज पोटात काही गेलं नाही, आणि तरी सकाळी रक्तात एवढी साखर? ती आली कुठून? या एका प्रश्नामागे लागल्यामुळे मला टाइप २ मधुमेह कळत गेला. गोळी का, वजन का, चालणं का, या सगळ्याची उत्तरं त्याच प्रश्नापाशी येऊन मिळाली. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी निदानाबद्दल. मला त्रास म्हणून काहीच नव्हता. तहान नाही, सारखी लघवी नाही, वजन उतरलेलं नाही. नेहमीच्या वार्षिक तपासणीत साखर जास्त दिसली आणि पुढच्या तपासण्या झाल्या. "काही होत नाही, मग मधुमेह कसा?" असं मी डॉक्टरांना विचारलंच. त्यांनी सांगितलं, रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडायला लागतात, साखरेबरोबर पाणी ओढलं जातं आणि मग तहान, लघवी हे सगळं सुरू होतं. दिवसाचा बराचसा वेळ साखर त्याच्या खाली असेल, तर माणसाला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. निदानाच्या रेषा मात्र बऱ्याच आधी ओढलेल्या आहेत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एकट्या आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दोन निकाल जुळावे लागतात. माझे तिन्ही जुळले.

एचबीएवनसीसोबत त्यांनी माझं हिमोग्लोबिन आणि लोहही बघून घेतलं, ते मला फार आवडलं. ही तपासणी म्हणजे लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं मोजमाप. लाल पेशी जवळपास १२० दिवस जगते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ७.८ टक्के म्हणजे सरासरी साखर १७७ च्या आसपास. पण अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो, आणि लाल पेशी लवकर मोडण्याचा आजार असेल तर खोटाच खाली. बायकांमध्ये लोह कमी असणं इतकं सर्रास आढळतं, की हे विचारून घेतलेलं बरं. माझं ठीक निघालं.

मग डॉक्टरांनी घरचं विचारलं. आईला मधुमेह, आणि माझ्या बाळंतपणाच्या वेळी मलाही साखर वाढली होती. बाळ झाल्यावर ती उतरली, सगळे सुटलो म्हणाले आणि विषय संपला. तेव्हा मला कोणीही सांगितलं नव्हतं की गर्भारपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो, बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत तिची पुन्हा तपासणी व्हायला हवी आणि त्यापुढे आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी. हे वाचणाऱ्यांत कोणाला गर्भारपणात साखर झाली असेल, तर एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

आता माझ्या प्रश्नाकडे. "रात्रभर उपाशी असताना साखर कुठून आली?" डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या यकृतातून. रात्रभर तेच पुरवत असतं. तुमचंच नाही, सगळ्यांचंच."

रक्तात एका वेळी साखर असते ती फक्त पाचेक ग्रॅम. म्हणजे एक चमचा, संपूर्ण शरीराच्या रक्तात मिळून. मेंदूला मात्र दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास लागते, आणि आपण झोपलो म्हणून त्याचं काम थांबत नाही. ती साखर यकृत पुरवतं. स्वतःकडच्या साठ्यातून काही सोडतं आणि काही नव्यानं तयारही करतं, प्रथिनांचे घटक, स्नायूंकडून आलेलं लॅक्टेट, चरबीतलं ग्लिसरॉल असं जे मिळेल त्यातून. किती सोडायची हे मुख्यतः इन्सुलिन ठरवतं. आपण जेवतो, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, आणि यकृताला निरोप जातो की आता बाहेरून साखर आली आहे, तू थांब. टाइप २ मधुमेहात यकृत हा निरोप नीट मानत नाही. रक्तात आधीच भरपूर साखर असते आणि तरी ते आणखी ओतत राहतं. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन यांसारखी संप्रेरकं वाढतात, त्यांचा कल साखर वाढवण्याकडेच. निरोगी माणसाचं स्वादुपिंड त्या वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडून ते सांभाळून घेतं. माझ्याच्यानं ते होत नव्हतं.

म्हणजे सकाळचा १४८ हा आदल्या रात्रीच्या जेवणाचा हिशेब नव्हता, यकृताच्या वागण्याचा होता. हे कळल्यावर माझं डोकं बरंच शांत झालं. तोवर घरातल्या, ओळखीच्या प्रत्येकाचा एकच सूर होता, "गोड बंद कर". गोड कमी करायला हवं यात शंका नाही. साखर घातलेली पेयं रोज पिणाऱ्यांत मधुमेहाचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण ज्यांनी आयुष्यात गोडाला हात लावला नाही अशांनाही मधुमेह होतो, आणि त्यांना 'नक्की चोरून खात असणार' म्हणून घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं. हा अन्याय आहे. आईनं तो वर्षानुवर्षं सोसला.

यकृत निरोप का मानत नाही? याचं बरंच उत्तर चरबीत आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी २००८ साली याबद्दल एक मांडणी केली. लागते त्यापेक्षा जास्त ऊर्जा वर्षानुवर्षं पोटात जात राहिली, की आधी ती कातडीखालच्या चरबीत साठते. तिथली जागा संपली की चरबी यकृतात उतरते. चरबीनं भरलेलं यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, जास्त साखर सोडतं, ती आवरायला स्वादुपिंड आणखी इन्सुलिन काढतं, आणि जास्त इन्सुलिनमुळे यकृतात आणखी चरबी तयार होते. मग यकृत आपली जादा चरबी रक्तातून बाहेर पाठवतं, त्यातली काही स्वादुपिंडात जाऊन बसते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मंदावतात. एका चक्राला दुसरं चक्र जोडलेलं. यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी, की कातडीखाली किती साठू शकतं ही मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते. एखाद्याचं वजन ११० किलो असून साखर नॉर्मल असते आणि दुसरा ६५ किलोला मधुमेही होतो, त्याचं कारण बरंचसं इथे आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांची ही मर्यादा कमी असल्याचं दिसतं, म्हणून आपल्यासाठी कमरेच्या घेराची धोक्याची रेषाही खाली आहे, बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९०.

मी कोणाला लठ्ठ वाटत नव्हते. हातपाय बारीकच. पण टेप लावली तेव्हा कमर ८० च्या बरीच पुढे होती, आणि पोटाच्या सोनोग्राफीत यकृतात चरबी असल्याचं आलं. असाच शेरा एका जुन्या रिपोर्टवरही होता. तेव्हा दाखवलं होतं तिथे "हे हल्ली सगळ्यांनाच असतं" एवढंच उत्तर मिळालं होतं. असतं हे खरं, पण ती सूचना असते. त्या वेळीच साखरेची नीट तपासणी सुचवायला हवी होती.

चरबी ही अर्धी बाजू. उरलेली अर्धी आनुवंशिकतेची. यकृतात चरबी असलेल्या सगळ्यांना मधुमेह होत नाही, कारण त्यांच्या बीटा पेशी जादा इन्सुलिन काढून वेळ मारून नेतात. ज्यांच्या पेशींची ताकद जन्मतःच बेताची, त्यांची साखर सुटते. ही ताकद बऱ्याच अंशी आईवडिलांकडून येते. अपुरी झोप, बसून राहण्याची सवय, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, वाढतं वय हे सगळं त्यात भर घालतं. ताणामुळे साखर वाढते हेही खरं, पण 'टेन्शनमुळे शुगर झाली' एवढ्यावर विषय मिटवून टाकणं मला धोक्याचं वाटतं. कारण मग माणूस टेन्शन जाण्याची वाट बघत बसतो.

मधुमेह म्हणजे इन्सुलिन नसणं, अशी समजूत मी कुठूनतरी घेऊन आले होते. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, त्यानं मरणाच्या दारातली मुलं वाचली, त्यामुळे ही समजूत पक्की होणं साहजिक आहे. पण १९३६ साली हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवलं की काही मधुमेही इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देतात आणि काही देत नाहीत. पुढे बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली आणि १९६० च्या सुमारास दिसून आलं की प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिनची कमतरता नसते. ते असतं, त्याचं कोणी ऐकत नसतं. कमतरता पुढे येते, बीटा पेशी थकत जातात तशी. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात, निदान होईपर्यंतच बीटा पेशींची जवळपास निम्मी क्षमता गेलेली असते असा अंदाज निघाला होता. हे वाचून मी घाबरले, ते लपवत नाही. पण उशीर न करण्याचं इतकं स्पष्ट कारण मला दुसऱ्या कशात मिळालं नसतं.

औषध म्हणून मेटफॉर्मिन सुरू झालं. १९५७ साली झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहासाठी प्रथम वापरलं, म्हणजे भरपूर जुनं आणि पारखून घेतलेलं औषध. त्याचं मुख्य काम कुठे चालतं हे कळल्यावर मला हायसं वाटलं, कारण ते यकृतातच चालतं. तिथून साखर सुटण्याचं प्रमाण ते कमी करतं. एकटं घेतलं तर साखर धोकादायक खाली जाण्याची भीती जवळजवळ नसते. पहिले काही दिवस पोट बिघडलं, मळमळलं, तोंडाला धातूची चव येत राहिली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, त्यामुळे मी ते परस्पर बंद केलं नाही, त्यांना फोन केला. त्यांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, डोस पायरीपायरीनं वाढवला आणि पोट ताळ्यावर आलं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या आल्या तर त्या मधुमेहाच्या की बी१२ च्या, हे तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती तपासणी अधूनमधून करून घ्यायची. मूत्रपिंडांचं काम फार खालावलेलं असेल तर हे औषध देत नाहीत.

घरी साखर मोजायला शिकले तो भाग थोडा जवळून सांगते, कारण यात बारकावे आहेत आणि ते कोणी सांगत नाही. बोटाच्या मधोमध टोचायचं नाही, कडेला टोचायचं. तिथे दुखतं कमी आणि रक्तही नीट येतं. हात साबणानं धुवून पूर्ण कोरडे करायचे. एकदा फळ सोलून तशाच हातानं तपासलं तर आकडा २३० च्या घरात, हात धुवून पुन्हा तपासलं तर १४१. बोटावरचा रस पट्टीत गेला होता. ग्लुकोमीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे असू शकतो, तेव्हा १३२ आणि १३८ यांत अर्थ शोधत बसायचं नाही. खरा उपयोग जोडीनं मोजण्यात आहे. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. नुसता एक आकडा काही बोलत नाही. दोन्हींतला फरक सांगतो की त्या ताटानं काय केलं.

नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं दंडावर सेन्सर लावला, जो दोन आठवडे सतत साखर नोंदवतो. तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे चालतो. पहिल्याच रात्री साखर कमी झाल्याची सूचना वाजली आणि मी दचकून उठले. बोटाला टोचून पाहिलं तर सगळं ठीक. मी त्याच कुशीवर झोपले होते, दाब पडला की तिथला आकडा खोटाच खाली येतो.

त्या आलेखावर माझा प्रश्न डोळ्यांनी बघायला मिळाला. मध्यरात्रीनंतर रेघ जवळजवळ सपाट, पहाटे चारनंतर हळूहळू वर चढणारी, मी उठायच्या आत २०-२५ नं वाढलेली. पोटात काही नसताना. झोप नीट झाली नाही त्या दिवशी सकाळची चढण जास्त, आणि दिवसभर तेच जेवण करूनही टोकं उंच. जेवणात आधी भाज्या आणि डाळ किंवा अंडी, शेवटी पिष्टमय पदार्थ, असा नुसता क्रम बदलला तरी उंची उतरलेली दिसत होती. जेवून लगेच पंधरा मिनिटं चालले की टोक बसकं व्हायचं. हे सगळं ऐकून माहीत होतं. स्वतःच्या रेघेत बघितल्यावर कोणी मागे लागायची गरज उरली नाही. सेन्सर कायम लावायला हवा असं मात्र मला वाटत नाही. गोळ्यांवर साखर आटोक्यात असलेल्याला थोड्या काळासाठी लावून शिकून घेणं पुरतं. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

चालण्यानं साखर का उतरते याचं उत्तर स्नायूंमध्ये आहे. खाल्लेल्या साखरेचा मोठा वाटा इन्सुलिनच्या निरोपावरून स्नायू उचलतात. तेही दाद देईनासे झालेले असतात, पण स्नायू काम करायला लागला की साखर आत घेणारे वाहक इन्सुलिनशिवायसुद्धा पेशीच्या पृष्ठभागावर येतात. व्यायाम संपल्यावरही इन्सुलिनला प्रतिसाद २४ ते ४८ तास सुधारलेला राहतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असं सांगतात. आठवड्याला १५० मिनिटं घाम येईल असं चालणं आणि दोन-तीनदा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम, असं मला बसवून दिलं. वजनं उचलल्यावर लगेच मोजलं तर कधीकधी साखर वाढलेली दिसायची. जोराच्या श्रमात ॲड्रेनालिन वाढतं आणि यकृत साखर सोडतं, थोड्या वेळानं ती उतरते. हे माहीत नसतं तर 'मला व्यायाम मानवत नाही' म्हणून मी थांबले असते.

सकाळचा आकडा खऱ्या अर्थानं हलला तो वजन उतरल्यावर. टेलर यांच्याच गटानं २०११ साली अकरा जणांवर केलेल्या अभ्यासात, दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी इतक्या कमी आहारावर उपाशीपोटीची साखर एका आठवड्यातच नॉर्मल झाली होती, कारण यकृतातली चरबी सर्वांत आधी उतरते. नंतरच्या डायरेक्ट या मोठ्या अभ्यासात, आहारातून वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधांविना माघारी गेलेला होता. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यात तर ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, वजन परत आलं त्यांची साखरही परत आली. हे आकडे आशा देणारे आहेत, पण हा प्रयोग परस्पर घरी करण्यासारखा नाही. साखर जोरात खाली आणणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन किंवा रक्तदाबाची औषधं चालू असताना एकदम आहार तोडला, तर औषधांचे डोस आधी कमी करावे लागतात, नाहीतर माणूस चक्कर येऊन पडतो. शिवाय त्यात भाग घेतलेल्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता.

मी सावकाश वाट घेतली. आहारतज्ज्ञांनी काही पूर्ण बंद करायला लावलं नाही. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग प्रथिनांचा आणि उरलेला पाव पिष्टमय पदार्थांचा, आणि रात्रीचं जेवण लवकर. भूक लागायची, चिडचिड व्हायची, मध्ये वजन एका जागी अडून बसलं. तरी वर्षाच्या आत मूळ वजनाच्या दशांशाएवढं उतरलं, आणि वजनकाट्याच्या आधी कमरेच्या टेपनं ते सांगितलं. उपाशीपोटीची साखर ११० च्या आत आली. जेवणानंतरचे आकडे उशिरा सुधारले, ते पूर्ण नॉर्मल नाहीत. याचाही उलगडा झाला. यकृत लवकर सुधारतं, बीटा पेशी सावकाश आणि जमेल तेवढ्याच.

एचबीएवनसी आता ६.३ आहे, मेटफॉर्मिन चालू ठेवून. याला 'मधुमेह गेला' म्हणता येत नाही. औषधं बंद केल्यावर किमान तीन महिने ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला माघार म्हणतात, आणि त्यानंतरही दरवर्षी तपासावं लागतं. त्यामुळे 'मुळापासून घालवतो, गोळ्या फेकून द्या' असले दावे बघितले की मला संताप येतो. त्यावर विश्वास ठेवून औषध सोडलेली माणसं डोळे आणि मूत्रपिंडं गमावतात. ज्या अभ्यासांनी माघार सिद्ध केली त्यांनी माणसांना एकटं सोडलं नव्हतं, महिनोन्‌महिने तपासत राहिले होते.

साखर सुधारली तरी बाकीच्या तपासण्या सुटत नाहीत. डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघायचा, निदानाच्या वेळी एकदा आणि पुढे दरवर्षी, कारण टाइप २ मध्ये आजार केव्हा सुरू झाला हे कोणालाच माहीत नसतं. दृष्टी स्वच्छ असतानाही पडद्यावर बदल झालेले असू शकतात. मूत्रपिंडांसाठी, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातं ते क्रिएटिनिनच्या प्रमाणात बघतात, एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. पायांची तपासणी मला नवीन होती. मला डोळे मिटायला सांगितलं आणि मासे धरायच्या दोऱ्यासारखी नायलॉनची एक तार तळव्याला वेगवेगळ्या जागी टेकवली, ती वाकेपर्यंतच. "लागलं की 'हो' म्हणा." मी हो म्हणत गेले. मग अंगठ्याच्या हाडावर कंपन करणारा चिमटा ठेवला आणि कंपन थांबल्यावर सांगायला लावलं. दोन-तीन मिनिटांचं काम. आईचे पाय इतक्या वर्षांत असे कोणी तपासले नव्हते. मी तिला घेऊन गेले तेव्हा उजव्या पायाच्या दोन जागांवर ती हो म्हणाली नाही. तेव्हापासून ती घरातही चप्पल घालते आणि रोज रात्री आम्ही तिचे तळवे बघतो.

रक्तदाबाचं आणि कोलेस्टेरॉलचं औषध कशाला, असं मी विचारलं होतं. टाइप २ मधुमेहात सर्वांत जास्त माणसं जातात ती हृदयविकारानं आणि पक्षाघातानं, म्हणून. नुसती साखर उतरवून तो धोका पुरेसा कमी होत नाही. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवणं आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, घेणं हा मधुमेहाच्याच उपचारांचा भाग आहे. आणि सुरुवातीची वर्षं मोलाची आहेत. यूकेपीडीएसमधल्या लोकांना अभ्यास संपल्यावर आणखी दहा वर्षं पाहिलं, तेव्हा ज्यांची साखर सुरुवातीला नीट सांभाळली गेली होती त्यांना हृदयविकाराचे झटके कमी आलेले होते, मधल्या काळात दोन्ही गटांची साखर सारखी झालेली असूनही.

आईचं औषध वेगळं आहे. ती पूर्वी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी घ्यायची. जेवायला उशीर झाला की घामाघूम व्हायची, हात थरथरायचे, बोलणं असंबद्ध व्हायचं. साखर ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि सावरल्यावर काहीतरी खायला घालायचं, हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. पुढे तिला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा घरात सगळे हबकले, म्हणजे आता शेवटची पायरी. मला आता तसं वाटत नाही. तिच्या बीटा पेशी थकल्या, जे कमी पडलं ते बाहेरून दिलं. तिची तब्येत त्यानंतर सुधारली. माझ्यावर कधी ती वेळ आली तर मी ते उशीर न करता घेईन.

माझ्या निदानानंतर धाकट्या भावाला तपासणीला लावलं. त्याचा एचबीएवनसी ५.९ आला, म्हणजे मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ या उंबरठ्यावरच्या पट्ट्यात. "ताई, अजून झालेला नाही ना, मग बघू पुढे," असं तो म्हणाला. त्याला मी अमेरिकेतल्या डीपीपी अभ्यासाचे निष्कर्ष दाखवले. २००२ साली ते प्रसिद्ध झाले. नेमक्या अशाच उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांत, ज्यांनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं ध्येय ठेवलं, त्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन दिलेल्यांत ३१ टक्क्यांनी. त्यानं हिशेब केला, त्याच्या वजनाचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. "एवढंच?" म्हणाला. त्याची कमर ९६ भरते. सोनोग्राफीची तारीख त्यानं स्वतःच घेतली आहे, आणि एचबीएवनसी वर्षभरानं पुन्हा बघायचा ठरला आहे.